ठाण्याच्या अंगणातली इंजिनाची वरात

नोकरीतल्या बाकीच्या केसेस आता डोक्यातून हळूहळू उतरत चालल्या आहेत. तारखा, बदल्या, वरिष्ठांची बोलणी, सगळं धूसर झालं. एक घटना मात्र गरम सायलेन्सरला पोटरी लागावी तशी अजून चरचरते. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की ती सांगताना मी दर वेळी एक गाडी वाढवतो. हा त्यांचा गैरसमज आहे. गाड्या तेवढ्याच ठेवतो, धूर वाढवतो.

मी तेव्हा जबलपूरहून तिलवाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. जी माणसं चुकली ती आता सुधारली असतील, आणि जी सुधारली नसतील ती माझ्यावर मानहानीचा दावा लावतील.

आमच्या ठाण्यामागे जप्त गाड्यांचं मोठं अंगण होतं. एका ट्रकच्या केबिनमधून कडुनिंब वर आला होता आणि त्याच्या सावलीत आम्ही उन्हाळ्यात हजेरी घ्यायचो. या सगळ्या मुद्देमालाचे राजे म्हणजे आमचे मालखान्याचे हवालदार. त्यांना सगळे हेडसाहेब म्हणत. जप्त मालावर ठाण्याचं नाव आणि गुन्ह्याचा क्रमांक टाकायचा असतो. साधा माणूस गाडीच्या दारावर एकदा टाकतो आणि चहा प्यायला जातो. हेडसाहेब पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन दारावर, टपावर, स्टेअरिंगवर, स्टेपनीवर, जॅकवर, बॉनेट उघडून इंजिनावर दोन-तीन ठिकाणी आणि मन भरलं नाही तर जीपखाली झोपून खालूनही टाकत. एकदा चोरीची बकरी जप्त झाली, तर तिच्याही पाठीवर क्रमांक टाकला. केस कोर्टात लांबली, बकरीचे केस वाढले, क्रमांक वाचेना, म्हणून हेडसाहेबांनी न्हावी बोलावला. हे खोटं वाटत असेल तर त्या न्हाव्याला विचारा. तो आता सापडणार नाही, ही गोष्ट वेगळी.

एका सकाळी एक स्पेअर पार्टवाला माझ्याकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळूच म्हणाला, "साहब, वो बैंडवाली की जीप में चोरी का इंजन लगा है।"

खबर देणारा सत्यासाठी खबर देतो असं समजणारा अधिकारी फार काळ ठाणं चालवू शकत नाही. शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं की माणसाला सत्य आठवतं. याच्या शेजारीच जुनी इंजिनं विकणाऱ्याचं दुकान होतं, आणि बँडवाल्या बाईंनी याचं इंजिन नाकारून त्याचं घेतलं होतं. पण म्हणून मत्सरानं दिलेली खबर खोटीच असते असंही नाही. उलट मत्सरी माणूस फार बारकाईनं बघतो.

बँडवाली बाई आम्हा मराठी मंडळींत तरी सगळ्यांना माहीत. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर सनई-चौघडा घेऊन या मुलखात आले. फौज परत गेली, चौघडा इथेच राहिला, आणि पुढे त्याचा बँड झाला. वडिलांमागे बाईंनी तो हाती घेतला. स्वतः ट्रम्पेट वाजवायच्या, आणि अशी, की सिहोऱ्यात सूर लावला तर जबलपुरात नवरदेवाची घोडी कान टवकारायची. बँडची सगळी मदार एका जुन्या जीपवर होती. जीपमागे ट्रॉली, ट्रॉलीवर जनरेटर, भोंगे आणि गाणाऱ्याची जागा. लग्नसराईत वराती, आणि एरवी महिनाअखेरीला निवृत्तीच्या मिरवणुका. इथल्या सरकारी फॅक्टरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला हार घालून, जीपवर बसवून, वाजतगाजत घरी सोडायची आमच्या गावात रीत आहे. जीप थांबली की मिरवणूक थांबली, आणि मिरवणूक थांबली की वाजवणारे दुसऱ्या बँडात पांगले. मग पुन्हा गोळा होत नाहीत.

ती जीप जुन्या इंजिनावर इतका धूर सोडायची, की तिलवाऱ्याच्या पुलावरून गेली तर खाली नर्मदेतले मासे खोकायचे.

मी हेडसाहेबांना घेऊन बाईंच्या घरी गेलो. हेडसाहेबांनी रंगाचा डबा सोबत घेतला होता. जप्ती झालीच तर उगाच हेलपाटा नको, असा त्यांचा विचार.

"या साहेब," बाई म्हणाल्या. "चहा ठेवून राहिली, बसा."

"चहा मागाहून, ताई. जीपचं इंजिन कुठून घेतलं ते सांगा आधी."

बाईंनी पदराला हात पुसले. "काहून? धूर नाही सोडत म्हणून तक्रार आली का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नसराई तोंडावर आली आणि जीपनं चढावर मान टाकली. इंजिनवाल्यानं जुनं इंजिन उतरवून बघितलं आणि ब्लॉकला आडवी चीर दाखवली. म्हणाला, हे आता भंगार. माझ्याकडे नागपूरहून आलेलं आहे, फॅक्टरीत उघडून नवं केलेलं, लाकडी पेटीत बंद. जुनं इंजिन ठेवून घेतलं आणि पेटीतलं बसवून दिलं.

"चालू करून दाखवलं का?"

"म्हणे पेटीबंद माल आहे दीदी, बसवल्याबिगर कसा चालू करणार."

"बिल? आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद?"

"म्हणे कागद मागून येतात. पण साहेब, माणूस चांगला बोलला जी. म्हणे सुरुवातीला गाडी पळवू नका, हळू चालवा, इंजिन रुळू द्या. मी म्हटलं, आमची गाडी पायी चालणाऱ्याच्या मागून चालते, अजून किती हळू चालवू? तर तो एकदम खूश झाला. म्हणे, फिर तो दीदी ये इंजन आपके लिए ही बना है।"

हे ऐकून माझे कान उभे राहिले. विकणारा गिऱ्हाइकाच्या गरजेवर खूश होतो तेव्हा समजावं की त्याच्या मालाचा काही दोष त्या गरजेत झाकला जाणार आहे.

मी बॉनेट उघडायला लावलं. इंजिन चांदीसारखं चकचकीत रंगवलेलं, नवरीसारखं. पण जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे ग्राइंडर फिरवून आरसा केला होता. त्या जागी मी माझी मिशी नीट करून घेतली. आणि खाली, धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या मागे, चांदीचा पापुद्रा जरासा सुटला होता. आत पांढरी रेघ दिसत होती, वर गोल वळलेली.

"हे कधी निघालं?"

"मझौलीच्या वरातीत. नवरदेवाचे मामा जीपसमोर लोळून राहिले, उठतच नव्हते. गाडी उभ्याउभ्या तापली, रंगाचा वास सुटला. पळवली की हवा लागते ना साहेब, थंड राहते. वरातीतच तापते ही."

इंजिनवाल्याची चूक इथे झाली. त्याला इंजिन कळत होतं, वरात कळत नव्हती. हळू चालणारी गाडी म्हणजे आरामात चालणारी गाडी, असा त्याचा हिशेब. ज्याच्या लग्नात कोणी मामा लोळला नसेल असा अभागी माणूस असावा.

हेडसाहेब त्या पांढऱ्या रेघेवर वाकले होते. मग सरळ होऊन म्हणाले, "सर, ये सफेदा मेरा है।"

"पांढरा रंग सगळ्यांचाच पांढरा असतो, हेडसाहेब."

"नहीं सर। छह के ऊपर ऐसी चोटी मैं ही निकालता हूँ। एक बार अपने अहाते में देख लूँ क्या?"

मी त्यांना झापलं. पोलीस ठाण्यातून इंजिन चोरीला जातं म्हणे. चोराला काही लाजलज्जा असते की नाही?

नखानं खरवडलं असतं तर आकडा तेव्हाच बाहेर आला असता. पण उद्या कोर्टात वकील उभा राहून म्हणाला असता, की साहेबांनीच डबा आणला आणि साहेबांनीच लिहिलं. डबा तर खरंच आमच्या हातात होता. आकडा आपोआप बाहेर यायला हवा होता, पंचांसमोर, कॅमेऱ्यासमोर आणि शक्यतो विकणाऱ्यासमोर.

मी बाईंना खरं काय ते सांगितलं. आकडा निघाला तर इंजिन मुद्देमाल. उतरवून घ्यावं लागेल, आणि जीप लग्नसराईत अंगणात उभी राहील. नाही निघाला तर त्या सुटल्या. त्या जागेवर पुन्हा चांदी फासली असती तर जगात कोणाला कळलं नसतं, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांच्या मागे भिंतीला टेकून ढोलवाला आणि क्लॅरिनेटवाला उभे होते. दोघंही जमिनीकडे बघत होते.

बाईंनी बॉनेट खाली केलं.

"लोक आपल्या पोरीबाळींच्या लग्नाला मला शुभ म्हणून बोलावतात," त्या म्हणाल्या. "चोरीच्या इंजिनावर नवरदेव मांडवात नेऊ का? चलो, उद्या घेऊन येते. पण साहेब, नुसती उभी करून तेवढी नाही तापायची ही. हिला वरात लागते. माझी सगळी पोरं बाजा घेऊन येतील, आणि नाचायला माणसं तुम्ही द्या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिनवाल्याला नोटीस देऊन बोलावलं. पांढराशुभ्र शर्ट, तोंडात वेलची, चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखी शांती. मी त्याला कडुनिंबाखाली खुर्ची दिली. चौकशीत आरडाओरडा करणाऱ्यांचा मला नेहमीच कंटाळा. ओरडलं की माणूस पळायला लागतो, आणि पळणारा माणूस थंड राहतो. त्याला एका जागी बसवून हळूहळू चालू ठेवावं.

"भैया, माल कुठला?"

"नागपूर का, साहब।"

"कोणाचा?"

"एक पार्टी थी। अब फोन नहीं उठाती।"

"इंजिनाचा नंबर कोणी घासला?"

"साहब, मैंने तो पेटी खोली ही नहीं। मिस्त्री ने लगाया।"

"रंग छान दिला आहे."

"कंपनी से ही आता है।" मग जीपकडे बघत म्हणाला, "ये बाजेवाले काहे के लिए बुलाए हैं?"

"वरात आहे," मी म्हटलं. "तुमच्या इंजिनाची."

बॉनेट काढून बाजूला ठेवलं. दोन पंच समोर उभे केले, एका शिपायानं मोबाइलवर चित्रण सुरू केलं. बाईंनी जीप चालू केली, पहिला गिअर टाकला आणि ट्रम्पेट ओठांना लावली. जीप बोट बोट पुढे सरकायला लागली. प्रश्न नाचणाऱ्यांचा होता. शिपाई लाजत होते. शेवटी मी रोजनामच्यात रीतसर नोंद करून हुकूम दिला. हुकमानं नाचणारा पोलीस सुरुवातीला कवायतीसारखा नाचतो, पण ढोल पोटात शिरला की गणवेश विसरतो. आमचे लिखापढीचे मुन्शी, ज्यांना पोटामुळे स्वतःच्या बुटांची नाडी दिसत नसे, ते जीपसमोर आडवे झाले आणि नागासारखे डुलायला लागले. जीप थांबली. उन्हात, गर्दीत, वाऱ्याचा मागमूस नाही. रस्त्यावरून जाणारी एक सिहोऱ्याची बस थांबली आणि तिच्यातले काही प्रवासी नाचायला आत आले. एका म्हातारीनं तर 'मुलगी कोणाची' म्हणून माझ्याकडेच चौकशी केली.

आणि मग वास सुटला.

चांदीचा रंग खरखरीत लोखंडाला धरून राहतो. गुळगुळीत ऑइल पेंटवर मात्र तो नुसता टेकलेला असतो, आणि तापला की फुगतो. नळ्यांच्या मागे एक फोड आला, वाळक्या पानासारखा कुरळा झाला आणि गळून पडला. खाली जिथे हेडसाहेबांचा ब्रश फिरला होता, अगदी तेवढीच जागा उघडी होत होती. प्रथम सहाचा आकडा आला, शेंडीसकट. हेडसाहेबांनी छाती पुढे काढली. मग तिरपी रेघ, मग वर्ष. इंजिनवाल्यानं वेलची गिळली. मग खालच्या ओळीत ठाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं, आणि मी चष्मा पुसून पुन्हा लावला.

ते ठाणं आमचंच होतं.

"साहब," इंजिनवाला उठून माझ्या कानाशी आला, "बाजा बंद करवा दीजिए। बताता हूँ।"

"गाणं पूर्ण होऊ द्या," मी म्हटलं. "बाईंचा मान आहे."

त्यानं सांगितलं ते ऐकून मला त्याला आत टाकावं की खात्यात भरती करावं हे कळेना. अपघातातल्या आणि जप्तीच्या गाड्या अंगणात आणून टाकायला आम्ही खाजगी क्रेन बोलावायचो. क्रेन याच्या मेहुण्याची. गाडी आत टाकायची, आणि परत जाताना दुसऱ्या गाडीचं इंजिन क्रेनला लटकवून, वर ताडपत्री घालून न्यायचं. दिवसाढवळ्या, फाटकातून.

"आणि फाटकावरचा संतरी?"

"उन्हीं ने तो रस्सी पकड़ी थी साहब। मैंने कहा, भैया ज़रा हाथ लगाना।"

दबकत जाणाऱ्याला कोणीही अडवतं. जो मदत मागतो त्याला अडवायचं कोणाला सुचत नाही. संतरी तर म्हणाला, माणूस फार अदबीनं बोलत होता. समोर दिसणारा क्रमांक इंजिनवाल्यानं पुसून टाकला होता. नळ्यांमागेही कोणी रंगवलं असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, कारण असा हवालदार जगात एकच होता.

इंजिन उतरलं. बाईंची जीप कडुनिंबाशेजारी उभी राहिली. बाईंनी ट्रम्पेट फडक्यात गुंडाळली. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी लगेच पथक घेऊन इंजिनवाल्याच्या दुकानाची झडती घ्यायला निघालो. बाईंनाही बरोबर घेतलं.

दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत, पोत्यांखाली, त्यांचं जुनं इंजिन निघालं. ठोकलेला नंबर जसाच्या तसा, जीपच्या कागदाशी जुळणारा. भंगारात गेलंच नव्हतं. कोणा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी चांदी चढायची वाट बघत होतं.

"पण याला तर चीर होती," बाई म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

त्या वाकल्या, चीर सापडली, आणि त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. चीर अंगठ्याला लागून आली. पेन्सिलीची होती, वर जरा काळं तेल चोळलेलं. बाईंनी अंगठा उजेडात धरला आणि अशा हसल्या, की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"बापाच्या इंजिनाला पेन्सिलीनं फोडलं जी यानं."

कोर्टाकडून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून देऊन, बाईंचं इंजिन परत मिळायला वेळ गेला. मधल्या काळात सिहोऱ्याला एक वरात ठरलेली होती आणि बाईंनी शब्द दिला होता. ट्रॉली टेम्पोनं तिकडे पोचली, पण वरातीत ओढणार कोण? सुट्टीवरचे शिपाई ती ढकलत होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते ड्यूटीवर होते. बाईंच्या बँडातला एकही माणूस पांगला नाही. ढोलवाल्याला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. तो म्हणाला, पोलीस ट्रॉली ढकलतात असा बँड पुन्हा कुठे मिळणार?

इंजिन हाती आल्यावर एका चांगल्या मिस्त्रीनं ते बाईंच्या समोर उघडलं. दुखणं नेहमीचंच होतं. सिलिंडर झिजलेले, रिंगा गेलेल्या. सिलिंडर आतून तासून घेतले, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवे घातले, आणि बसवायच्या आधी स्टँडवर चालू करून, चांगलं तापवून दाखवलं. हेडसाहेब तिथेही डबा घेऊन आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

लोक मला विचारतात, जुन्या गाडीला दुसरं इंजिन घ्यावं का. जरूर घ्यावं. पण चालताना बघून घ्यावं, आणि गरम झाल्यावर बघावं. थंड इंजिन आणि नव्यानं ओळख झालेला माणूस, दोघंही फार गोड वाटतात. घासलेल्या नंबराकडे आरसा म्हणूनही बघू नये. पक्कं बिल घ्यावं, आरटीओत नोंद करावी. आणि आपलं जुनं इंजिन कोणी फुकट भंगारात काढत असेल, तर आधी त्याच्या चिरेवरून अंगठा फिरवावा. मी पुढच्या सगळ्या नोकरीत माणसांच्या बाबतीतही हेच केलं. ज्यांना सगळ्यांनी भंगारात काढलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांची चीर पेन्सिलीची निघाली. आमचा तो संतरीच बघा. सगळे म्हणाले, याला घरी बसवा. मी त्याला फाटकावरच ठेवला. त्यानंतर तो माझ्या सौभाग्यवतींचा डबाही उघडून बघितल्याशिवाय आत सोडत नसे.

मी निवृत्त झालो त्या दिवशी ठाण्याच्या फाटकात ट्रम्पेट वाजली. पोलिसांत ही रीत नाही, ती फॅक्टरीवाल्यांची. पण बाईंना कोण सांगणार? मला हार घालून जीपवर बसवलं आणि ठाण्यापासून घरापर्यंत मिरवणूक काढली. मुन्शी आता आजोबा झाले होते, तरी चौकात लोळलेच. जीप उभ्याउभ्या तापली. सवयीनं मी खाली उतरलो, बॉनेट उचललं आणि वाकून त्या नळ्यांच्या मागे बघायला लागलो.

बाईंनी ट्रम्पेट खाली केली. "काय शोधून राहिले साहेब? रंग नाही निघायचा."

"इतका पक्का दिला?"

"दिलाच नाही," त्या म्हणाल्या. "बसा आता गाडीत. घरी वहिनी वाट पाहून राहिल्या असतील."